मोठ्या सरांना ओलांडताना

सपाट रस्त्यावरची परदेशी सायकल शर्यत बघणं हा वेळ वाया घालवायचा एक सभ्य प्रकार आहे. चार तास काहीही घडत नाही. सूर्यफुलांची शेतं सरकतात, एखादा चर्चचा मनोरा सरकतो, दीडेकशे माणसं एका थव्यात मुकाट्यानं पायडल मारत राहतात. दर पावसाळ्यात शाळेतून आल्यावर मी हे मोबाइलवर बघत बसतो. बायको चहा ठेवताना डोकावते आणि विचारते, "अजून तिथंच आहेत का हे?"

असतात. पण शेवटच्या दोन-तीन किलोमीटरमध्ये त्या थव्यातून एक रांग पुढं निघते. एकाच रंगाच्या सदऱ्यातले पाच-सहा जण, एकामागे एक, दोन चाकांत वीतभर अंतर. सगळ्यांत पुढचा वारा अंगावर घेतो. त्याचा दम संपला की तो बाजूला होतो, मग दुसरा पुढं. खरा वेगाचा माणूस रांगेत शेवटी दडलेला असतो. शेवटच्या दोनशे मीटरपर्यंत त्याला वारा लागू द्यायचा नाही, एवढंच बाकीच्यांचं काम. अखेरचा सोबती बाजूला होतो, मागचा उसळून निघतो आणि जिंकतो. फुलं त्याला. बाजूला झालेला सोबती तिसावा-चाळिसावा येतो. कधीकधी तोही रेषेवर हात वर करतो. मला तो तिसाव्या नंबरचा माणूस फार आवडतो. आमच्याकडे तिसाव्या नंबरचा माणूस व्यासपीठावर खुर्ची मागतो.

परभणीतल्या ज्या शाळेत मी इतिहास शिकवतो, तिथं सत्कार फार होतात. पाहुण्यांचा होतो, पाहुण्यांना आणणाऱ्यांचा होतो, येऊ न शकलेल्यांचा घरी जाऊन होतो. शाल-नारळाचं तबक व्यासपीठावर नेण्याचं काम आमच्या शिपायाचं. सगळी शाळा त्यांना मामा म्हणते. ते रोज पिंगळीहून साध्या सायकलीवर येतात. आजवर त्यांनी वर नेलेल्या शालींत अख्ख्या पिंगळीची थंडी भागली असती.

दोन वर्षांपूर्वी शहरातल्या सायकलवाल्या मंडळींनी जानेवारीत शर्यत ठेवली. ताडकळसच्या रस्त्यानं जायचं आणि परत यायचं. एकाच ठिकाणी नोकरी करणाऱ्या तिघांचा संघ. पहिला येईल त्याला शाल, नारळ आणि ढाल. मोठे सर, म्हणजे आमचे मुख्याध्यापक, यांनी शुगर निघाल्यापासून गिअरची सायकल घेतली होती. त्यांनी संघ जाहीर केला: ते, मी आणि संख्या भरायला मामा.

स्टाफरूममध्ये तीन डस्टर रांगेत ठेवून मी सरांना रांगेची युक्ती समजावली. पाण्याचा जग घेऊन आलेले मामा थांबून ऐकत होते.

"ह्ये तर मी रोजच करायलोय सर," ते म्हणाले. "ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागं सायकल धरली की वारं लागत न्हाई. पिंगळीहून कवा आलो कळत न्हाई."

तिघांत सर्वांत वेगवान मामाच, यात शंकाच नव्हती. तेव्हा आधी मी पुढं राहून ओढायचं, मग मोठ्या सरांनी, आणि शेवटी मामांनी निघायचं. वारा अडवायला रुंद अंग लागतं आणि ते सरांकडे होतं. सरांनी मधला डस्टर उचलून पाहिला.

"म्हणजे मामांसाठी मी ओढायचं?"

"हो सर."

"ही एक प्रकारची लोकशाहीच झाली," ते म्हणाले. सव्वीस जानेवारीच्या भाषणाची सोय झाली, एवढाच अर्थ मी घेतला.

एकदा सराव करून परतताना मी मामांना म्हटलं, "आता शाल तुम्हालाच."

"लय दिवसाचं मनात हाय सर," ते म्हणाले. "तबक नेऊन नेऊन हात दुखायलेत. एकदा तबकाच्या पल्याड उभं ऱ्हाऊन बघायचंय."

"निवृत्तीला मिळेलच की."

"ते तर सगळ्यालाच भेटते. जिंदा हाय म्हणून भेटते. कायतरी केलं म्हणून भेटायला पायजे."

हे मी सरांना सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

पहिल्या वर्षी बेत बरोबर चालला. परतीच्या रस्त्यावर शेवटच्या दोन किलोमीटरला मी पुढं झालो, होतं नव्हतं ते संपवलं आणि बाजूला झालो. रस्ता सरळ आणि सपाट, त्यामुळे मागून मला सगळं दिसत होतं. मोठे सर दोन्ही बाजूंच्या ज्वारीतून रोड रोलरसारखे निघाले. त्यांच्या मागं मामा असे दडले, की समोरून फक्त टोपी दिसली असती. बाकी सगळे पन्नास हात मागं. दोनशे मीटरची पाटी आली. सर डावीकडे सरकले आणि ओरडले, "जा मामा!"

मामा गेले नाहीत. सरांचा वेग कमी झाला, तसा त्यांनी आपलाही केला. सर आणखी सरकले, मामाही त्यांच्या मागं सरकले. वरातीच्या चालीनं दोघं चालले असताना महसूलवाले, वीजवाले आणि एक दातांचे डॉक्टर त्यांच्या शेजारून निघून गेले.

रेषेपलीकडे मामांची बायको ठेवणीतलं लुगडं नेसून उभी होती. "सायकल बिघडली काय हो?" तिनं विचारलं. मामा "हां" म्हणाले आणि न पडलेली चेन बसवायला खाली वाकले.

ती पाणी आणायला गेल्यावर मोठे सर भडकले. "मामा, का गेला नाहीत?"

"तुमच्या पुढून कसं जावं सर?"

"अहो, मी जा म्हणालो ना!"

"तुमी कार्यक्रमात 'बसा मामा' बी म्हणता. मी कुठं बसतो?"

मोबाइलवर वर्षानुवर्षं शर्यती बघून मला वाऱ्याचं गणित पाठ झालं होतं. पण तिथल्या रांगेत कोणी कोणाचा साहेब नसतो, ही गोष्ट मला कॅमेऱ्यानं कधी दाखवली नव्हती. इतकी वर्षं जो माणूस दारात बाजूला होऊन "या सर" म्हणतो, त्याच्या पायांना दोनशे मीटरच्या पाटीचं काय कौतुक! आणि "जा" म्हणायला फक्त तोंड लागतं. त्या दिवशी घरी गेल्यावर मामांनी बायकोला खरं काय ते सांगितलं की नाही, हे मी कधी विचारलं नाही.

मोठ्या सरांनी मात्र ते मनावर घेतलं, आणि तेही शाळेत कोणाला न सांगता. वर्षभर दर रविवारी आम्ही तिघं पिंगळीच्या रस्त्यावर जायचो. मला ओलांडायला मामांना कधीच अडचण आली नाही. हे मी मनाला लावून घेतलं नाही. सरांपाशी आले की मात्र पाय थांबायचे. "डोळे मिटून जा," मी म्हटलं. "मग खड्डा कोण बघल?" ते म्हणाले. पावसाळा सरला, पुन्हा जानेवारी आला, मामांच्या निवृत्तीला चार महिने उरले. ही शेवटची शर्यत आहे, हे तिघांनाही माहीत होतं. मामांच्या बायकोनं या वेळी येणार नाही असं सांगितलं होतं. ती आली.

मी माझं काम करून मागं पडलो. सर पुढं, मामांची टोपी मागं, सगळं पहिल्यासारखंच. पाटी आली. सर डावीकडे झाले. पण या वेळी ओरडले नाहीत. सरळ रस्ता सोडून साईडपट्टीवर उतरले, दोन्ही ब्रेक दाबले, सायकलीवरून खाली उतरले आणि रस्त्याकडे पाठ करून ज्वारी बघत उभे राहिले.

पिकाची पाहणी करणाऱ्या माणसाला ओलांडण्यात बेअदबी नसते. मामा निघाले. शेजारून जाताना एक हात सोडून त्यांनी त्या पाठीला सलाम केलाच. त्यात सायकल डगमगली आणि वीजवाला बरोबरीला आला. माझ्या तोंडून निघालेला शब्द इतिहासाच्या शिक्षकाला शोभणारा नव्हता. मग मामा उठून पायडलवर उभे राहिले. अर्ध्या चाकानं जिंकले.

मी रेषेवर पोचलो तेव्हा मोठे सर सायकल हातात धरून चालत येत होते. कितवे आले, हे कोणी लिहून घेतलं नाही.

प्रमुख पाहुणे उशिरा आले आणि शिस्तीवर बोलले. मग मामांचा पुकारा झाला. ते मंडपात उठले आणि सवयीनं टेबलाकडे वळले, तबकाकडे. तिथं आधीच मोठे सर उभे होते. त्यांनी तबक उचललं, मामांना मानेनं वर जायची खूण केली आणि स्वतः मागून चढले. आयुष्यात पहिल्यांदाच तबक हातात धरलेलं, त्यामुळे त्यांनी ते पाहुण्यांपुढं उलट्या बाजूनं धरलं, शाल स्वतःकडे. पाहुण्यांचा हात नारळावर पडला.

मामा हात जोडून, मान खाली घालून उभे होते. ओठ न हलवता ते हळूच म्हणाले, "सर, शाल आधी."

सरांनी तबक फिरवलं.