पडणं आणि घसरणं

“पलंग हलला तर मीही हलेन, पण मग या घरातूनच,” असं म्हणून आई पलंगाच्या मधोमध मांडी घालून बसली. दोन हमालांनी पलंगाचे पाय धरले होते. ते धरावेत की सोडावेत हे न कळून ते तसेच वाकून राहिले.

“आई, उगाच हट्ट करू नकोस. तू खाली झोपलेली बरी. जिना आहे मध्ये.”

“जिना काय आज बांधलास?”

“तुझं वय आज आहे ना!”

“माझं वय कालही होतं. काल तू मला गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढायला पाठवलंस.”

खालून सुनेचा आवाज आला, “अहो, त्यांचं एकदा काय ते ठरवा. हमाल ताटकळलेत आणि मला कुकर लावायचाय.”

हमालांना चहा पाजून परत पाठवण्यात आलं. पलंग जागेवर राहिला. मुलगा मात्र जिन्यातून उतरता उतरता म्हणाला, “परवाची तपासणी होऊ दे. मग बघतो.” तो ‘बघतो’ म्हणाला की करतोच, हे आईला चांगलं ठाऊक होतं. एकदा का आपण स्वयंपाकघराशेजारच्या त्या खोलीत गेलो, वॉशिंग मशीनच्या घरघरीत आणि टीव्हीच्या पाठीमागे, की परत वर येणं नाही. वरच्या खिडकीतून अख्खी गल्ली दिसायची. कोण कुणाकडे आलं, किती वेळ बसलं, निघताना तोंड कसं होतं, सगळं. खालच्या खिडकीतून दिसायची शेजाऱ्यांची भिंत.

या मुलाला गल्लीत आणि कचेरीत सगळे ‘सांभाळून’ म्हणायचे. खरं नाव पगारपत्रकात असेल तेवढंच. कारण तो तोंड उघडायचा तो बहुतेक याच शब्दाने. लग्नानंतर बायकोला पहिल्यांदा बाहेर फिरायला नेलं, तेव्हा वाटेत तो फक्त दोन गोष्टी बोलला. “सांभाळून, उघडं गटार आहे,” आणि परत येताना, “सांभाळून, मघाचं गटार.” बायको म्हणते, मला तेव्हाच कळायला हवं होतं.

सरकारी नोकरीत तो आधी मत्स्य विभागात होता. तिथे त्याच्या स्वभावाला वाव नव्हता, मासे त्याचं ऐकत नसत. मग राज्यात अपघात आणि इजा टाळण्याचा कार्यक्रम सुरू झाला आणि बदलीत तो तिकडे गेला. माणसाला आयुष्यात एकदाच आपल्या मापाचा सदरा मिळतो, तसं झालं. म्हाताऱ्या माणसांच्या न्हाणीघरात धरायला दांडी बसवायची, जिन्याच्या पायऱ्यांच्या कडेला पिवळ्या पट्ट्या चिकटवायच्या, घसरू नये म्हणून खडबडीत पायपुसणी वाटायची. हे सगळं तो जीव ओतून करायचा. कचेरीच्या स्वतःच्या जिन्यातला दिवा गेला होता, पण तो बदलणं बांधकाम खात्याकडे होतं. एका खुर्चीचं चाक निखळलं होतं, तिच्यावर त्याने ‘बसू नये’ अशी चिठ्ठी लावली. दुरुस्ती भांडार विभागाकडे होती. आपापल्या हद्दीत मात्र तो कडक होता.

पैसा केंद्राचा होता, त्यामुळे तो नीट खर्च होतोय का हे बघायला दर वर्षी तिथून कुणीतरी यायचं. आजवर येणारे साहेब कचेरीत बसायचे, किती दांड्या बसवल्या ते ऐकून मान डोलवायचे आणि गाडी पकडायचे. या वर्षी एक बाई आल्या. बसक्या चपला, खांद्याला झोळीसारखी पिशवी. त्यांनी चहा नाकारला आणि विचारलं, “दांड्या कळल्या. पडणारे किती कमी झाले?”

“ते दवाखान्यांकडे असतं. तो वेगळा विभाग.”

“मग मी घरंच बघते,” बाई म्हणाल्या. “परवापासून. पहिली दांडी कुठे बसवली?”

पहिली दांडी सांभाळूनच्या घरी बसली होती. नमुना घर म्हणून. आणि त्या नमुना घराबद्दल त्याने वर कळवलं होतं की, घरातली वृद्ध व्यक्ती नियमाप्रमाणे तळमजल्यावर झोपते. म्हणून तर पलंगाची घाई.

पलंग न हलल्यामुळे खालच्या खोलीत घडीची खाट टाकण्यात आली. तिच्यावर कोरी चादर अंथरली. आईला तिच्यावर बसवलं. “कुणी काही विचारलं तर फक्त हो म्हण,” त्याने बजावलं.

“विचारलं की माझा मुलगा शहाणा आहे का, तरी?”

“आई!”

“बरं, बरं. हो.”

बाई आल्या. सांभाळूनने त्यांना आधी न्हाणीघर दाखवलं. दार उघडलं तर दांडीवर त्याचेच दोन बनियन आणि एक पट्ट्यापट्ट्यांची चड्डी वाळत होती. त्याने झडप घालून ते काढलं आणि पाठीमागे धरून उभा राहिला.

“दांडी वापरात आहे म्हणायची,” बाई म्हणाल्या. त्यांनी ती धरून दोनदा जोरात ओढली. दांडी पक्की होती. त्याचा चेहरा उजळला.

बाहेर येऊन त्या आईसमोर बसल्या. “या वर्षात घरात कुणी पडलं?”

“कुणी नाही,” सांभाळून म्हणाला.

“पडलं की,” आई म्हणाली.

“कोण, आजी?”

“हा.” आईने हनुवटीने मुलाकडे दाखवलं. “माझ्या खोलीत घंटा बसवायला स्टुलावर चढला. मला मदत लागली तर वाजवायला म्हणून. स्टुलासकट खाली आला. मीच उठवलं.”

“आणि गॅलरीत,” सुनेने स्वयंपाकघराच्या दारातून भर घातली. “ते खडबडीत पायपुसणं उलटं टाकलं आणि स्वतःच त्याच्यावरून गेले.”

“ते पडणं नव्हतं,” सांभाळून घाईने म्हणाला. “दवाखान्यात जावं लागलं तर आम्ही पडणं धरतो. नाहीतर ते घसरणं. घसरणं मोजत नाहीत.”

“आमच्याकडे मोजतात,” बाई म्हणाल्या. “आजी, तुम्ही पडलात कधी?”

“मला वेळ कुठाय? याच्याकडे बघायचं असतं.”

सून पदर तोंडाला लावून आत पळाली. सांभाळूनने रागाने तिच्या पाठीकडे पाहिलं, पण पाठीवर काही परिणाम झाला नाही.

“आणि झोपता कुठे?” बाईंनी विचारलं.

“इथेच,” सांभाळून म्हणाला. आईने ठरल्याप्रमाणे हो म्हटलं आणि खिडकीतून शेजाऱ्यांच्या भिंतीकडे पाहत राहिली.

बाईंनी कोऱ्या चादरीवरून हात फिरवला. “रात्री चष्मा कुठे ठेवता, आजी?”

“पलंगाशेजारी, खिडकीत.” मग आईने डोळे मिचकावले. “वर.”

सांभाळून घाईने खाटेची उंची समजावू लागला. आई मात्र उठून जिना चढायलाही लागली होती. एक हात कठड्यावर, न थांबता, जशी ती रोज चढायची. मागून बाई, त्यांच्या मागून सांभाळून. वरच्या खोलीत जमिनीवर एक कागदही पडलेला नव्हता, कारण आई तिथे कुणाला काही ठेवूच द्यायची नाही. दिव्याचं बटण उशाशी होतं. पलंग इतका बुटका की पाय सहज टेकावेत. बाईंनी पलंगावर बसून पाहिलं, उठून पाहिलं, खिडकीतून गल्लीही पाहिली. जरा जास्तच वेळ पाहिली.

“त्या निळ्या दाराचं रोज भांडण असतं का?”

“सकाळी आणि जेवणानंतर,” आई म्हणाली. “मधे ती झोपते.”

“खोली छान आहे,” बाई म्हणाल्या. “काळजीचं काही दिसत नाही.”

एवढ्याने सांभाळूनला जरा धीर आला. उतरताना तो पुढे झाला. पाहुण्यांना जिना दाखवणं हे त्याच्या हद्दीतलं होतं. इथल्या पायऱ्यांना पट्ट्या त्याने स्वतः, सुट्टीच्या दिवशी गुडघ्यांवर बसून चिकटवल्या होत्या. सगळ्या पायऱ्या झाल्यावर एक पट्टी उरली. सरकारी माल वाया जाऊ नये म्हणून ती त्याने जिन्यासमोर सपाट जमिनीवरच लावून टाकली. घरातल्या बायका तिच्याकडे बघतच नसत.

तो अर्धा मागे वळून उतरत होता. “सांभाळून हं बाई, ही शेवटची...” म्हणेपर्यंत त्याला डोळ्याच्या कोपऱ्यातून आणखी एक पिवळी पट्टी दिसली. तो नसलेली पायरी उतरला. पाय जमिनीवर दाणकन आदळला, तिरपा झाला, आणि राज्याचा इजा प्रतिबंध कार्यक्रम घडीच्या खाटेपर्यंत सरपटत गेला.

“हे घसरणं की पडणं?” आईने वरच्या पायरीवरून विचारलं. पण विचारता विचारता ती भराभर खाली आली आणि त्याचं डोकं तिने मांडीवर घेतलं.

घोट्याच्या हाडाला बारीक चीर निघाली. रिक्षात बायकोही होती, पण त्याचा पाय बाईंनीच पिशवीवर टेकवून धरला. प्लास्टर चढवून झाल्यावर तो कासावीस होऊन म्हणाला, “बाई, हे लिहिणार का तुम्ही?”

“तुमच्याच नियमाने लिहावं लागेल. दवाखाना झाला ना.”

“आणि आई वर झोपते, ते?”

“तेही लिहिणार. तुम्ही चुकीचं कळवलंत.” मग त्यांचा आवाज थोडा मऊ झाला. “दांड्या मात्र पक्क्या बसवता. ती उरलेली पट्टी आजच काढा. आणि घरी सांगा, आजींची मला काळजी नाही. तुमच्यावर लक्ष ठेवायला हवं.”

हे सांगायची त्याची मुळीच इच्छा नव्हती, पण बायको शेजारीच उभी होती. रिक्षा दारात थांबायच्या आत तिने ते सासूला रस्त्यातूनच ओरडून सांगितलं. निळ्या दारालाही कळलं.

दोघींनी त्याला खालच्या खोलीत आणून खाटेवर टेकवलं. पायाखाली उशी दिली. तो भिंतीकडे पाहत म्हणाला, “चार दिवसांत बरा होतो. मग आई, तुझ्या पलंगाचं बघतो.”

आईने हातातलं पाण्याचं भांडं त्याच्या उशाशी ठेवलं.

“काही बघायचं नाही,” ती म्हणाली. “बरा झालास तरी तू इथेच झोपायचं. माझा पलंग वरच राहील. सूनबाई, पानं घे.”