माझ्या पाठीवर मशिन थरथरत नव्हतं

माझं वजन अठ्ठ्याण्णव किलो आहे हे आधीच सांगून टाकतो. एरवी कुणी विचारलं तर मी "नव्वदच्या आसपास" असं मोघम बोलतो, पण इथे लपवून चालणार नाही. पुढचा सगळा घोटाळा त्या वजनावरच उभा आहे.

कतारमध्ये, दोह्यातल्या इंडस्ट्रियल एरियात आमची कंपनी. काम दोनच: लोकांच्या घरातली झुरळं, ढेकूण, मुंग्या मारायच्या आणि ऑफिसं, गोदामं फवारून निर्जंतुक करायची. मी तिथला इंजिनियर. म्हणजे फवारणीची बिघडलेली मशिनं दुरुस्त करणारा. पण व्हिजिटिंग कार्डावर 'डिझाइन' हा शब्द आहे, आणि तोच एक दिवस अंगाशी आला.

आमच्याकडच्या फवारणीच्या मशिनांना पेट्रोलचं इंजिन. पाठीवर घ्यायचं, दोरी खेचायची, की माणूस मशिनसकट थरथरायला लागायचा. फवारणाऱ्यांत सगळ्यात जुने लातूरकडचे एक गृहस्थ होते. अंगानं काठी, बोलण्यात तिखट. बरवा अल बराहातल्या कामगारांच्या कॅम्पवर राहायचे. कंपनीतले सगळे, हिंदीवाले आणि नेपाळीसुद्धा, त्यांना 'मामा'च म्हणत. दोन व्हिला फवारून झाले की मामांची बोटं बधिर व्हायची.

"मुंग्या यायल्यात, सायेब," ते मला म्हणाले. "लोकाच्या घरच्या मारायच्या आन् आपल्या हातात घिऊन यायच्या, असं झालंय बगा."

क्लिनिकमधल्या डॉक्टरनं साफ सांगितलं, हे मशिन पुन्हा पाठीवर घ्यायचं नाही. आमच्या मॅनेजरनं त्याहून साफ सांगितलं: मामांना द्यायला दुसरं काम नाही. त्यांचा करार दोन महिन्यांत संपतोय. तोवर न थरथरणारं मशिन आलं तर ठीक, नाहीतर करार वाढणार नाही, मामा घरी. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तुम डिझाइनवाला है ना?"

मी हो म्हणालो. आयुष्यात इतक्या चटकन हो मी फक्त जेवायला म्हणतो.

पण बनवलं हं मी! बॅटरीवर चालणारं, शाळेच्या दप्तराएवढं, आत छोटी मोटर, पंखा, औषधाची टाकी. मोटरखाली थरथर शोषून घ्यायला चार रबरी गुट्टे. हातात धरायची नळी फ्रेमला घट्ट जोडलेली. त्यात साधं पाणी भरून मी ओल्ड एअरपोर्ट भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये चाचण्या सुरू केल्या. मशिन पाठीला, नळीच्या मुठीवर चिकटपट्टीनं मोबाईल, मोबाईलमध्ये कंपन मोजणारं ॲप. हॉल ते बाल्कनी, बाल्कनी ते हॉल. बाल्कनीतली तुळस गेली पाच वर्षं मरणाच्या दारात होती, ती त्या आठवड्यात तरारली. मुलगी अभ्यासातून मान वर करून म्हणायची, "पप्पा, यू लुक लाइक ॲन ॲस्ट्रोनॉट." बायको म्हणायची, "अंतराळात जाताय तर येताना कोथिंबीर आणा."

ॲपवरची रेघ मात्र सरळसोट. कंपन जवळजवळ नाहीच! मी त्याचे आलेख काढले, आलेखांना रंग दिले, रंगांना शीर्षकं दिली. एका स्लाइडवर नुसतंच 'यश' लिहिलं, मग लाज वाटून पुसलं. मग पुन्हा लिहिलं.

मॅनेजरला दाखवायच्या दिवशी सकाळी गोदामात मी मशिन मामांच्या पाठीवर चढवलं. बटण दाबलं.

मामा लटलटायला लागले. आधी टोपी पडली. मग खिशातलं पेन. मुठीतली नळी अशी नाचत होती की समोरच्या भिंतीवर पाण्यानं बाराखडी उमटत होती.

"कसं वाटतंय, मामा?" मी विचारलं.

"च-च-चांगलं हाय, सा-सा-सायेब."

साहेबानं बनवलेल्या वस्तूला नावं ठेवायची नाहीत, हा आपल्याकडचा शिष्टाचार! मी मशिन बंद केलं, सगळे स्क्रू पिळले, स्वतःच्या पाठीवर घेतलं. शांत. पुन्हा मामांच्या पाठीवर. पुन्हा बाराखडी. मला वाटलं बॅटरी. बॅटरी बदलली. मला वाटलं जमीन. म्हणून मामांना कार्पेटवर उभं केलं. मग मला वाटलं मामाच नीट उभे राहत नाहीत, आणि मी त्यांना कसं उभं राहावं हे शिकवायला लागलो. तेव्हा मात्र शिष्टाचार संपला.

"सायेब, राग येऊ देऊ नका," मामा म्हणाले, "पर मशिन तुमच्या पाठीवर बसतंय. माझ्या पाठीवर त्ये नुसतं हाडाला टांगलंय."

"म्हणजे?"

"म्हंजे तुमच्याकडं गादी हाय. घरची."

मी मागे हात नेऊन स्वतःची पाठ चाचपली. मऊ होती. महिनाभर मी रबरी गुट्ट्यांना शाबासकी देत होतो आणि काम करत होती बायकोच्या हातची पुरणपोळी. मशिनची सगळी थरथर माझ्या चरबीत मुरत होती. मुठीपर्यंत पोचायला काही शिल्लकच राहत नव्हतं. कंपनीतले फवारणारे वीसच्या वीस असेच, हडकुळे. कॅम्पवरचं जेवण खाऊन माझ्यासारखी पाठ कुणाची होणार?

मी बायकोला फोन लावला. कुणालातरी सांगायला हवंच होतं.

"अहो, मी दहा वर्षं तेच सांगतेय," ती म्हणाली. "माझं ऐकलं नाहीत, आता मशिननं सांगितलं."

उपाय समजत होता. पाठीशी जाड, मऊ गादी, कंबरेला पट्टा आणि मुठीला फ्रेमपासून सोडवून वेगळं रबर. दोन-तीन आठवड्यांचं काम, करार संपायच्या आत बसणारं. आजचा कार्यक्रम पुढे ढकला, असं सांगायला मी निघालो, तोवर मॅनेजरच आत आला. हा माणूस दिसतो कसा, ते आधीच सांगायला हवं होतं: माझ्याहूनही रुंद. दारातून तो येतो तेव्हा प्रकाश थांबतो.

"यल्ला, चलो, दिखाओ," म्हणाला, आणि मी काही बोलायच्या आत त्यानं स्वतःच मशिन पाठीवर घेतलं. बटण दाबलं. गोदामात एक फेरी मारली. दुसरी मारली. चेहरा लहान मुलासारखा फुलला.

"अरे, मख्खन है! कुछ हिलता ही नहीं! खलास, फायनल. आज ही बीस पीस का ऑर्डर भेजो."

माझी सगळी 'यश'वाली स्लाइड खरी ठरत होती. नुसतं "थँक यू सर" म्हणायचं होतं. कोपऱ्यात मामा पडलेलं पेन उचलायचा प्रयत्न करत होते. चिमटीत येईना, बोटांना पेन लागतंय की फरशी, हेच कळत नव्हतं. वीस मशिनं यायची, त्यातलं एक त्यांच्याच पाठीवर.

"सर," मी म्हणालो, "ये फायनल नहीं है."

"क्यों? बढ़िया तो है."

"सर, द यूजर्स बॉडी मास डिस्ट्रिब्युशन..." मी इंग्रजीत शिरलो. घाबरलो की मी इंग्रजीत शिरतो.

"सीधा बोलो."

मी डोळे मिटले. "सर, मशिन खराब है. वो हिलता है. पता इसलिए नहीं चलता, क्योंकि आप और मैं... हम दोनों गद्दे हैं."

मॅनेजरनं स्वतःच्या पोटाकडे पाहिलं, मग माझ्या. तुलना करत होता बहुतेक. मग मशिन उतरवून मामांच्या पाठीवर चढवलं, बटण दाबलं आणि मामांच्या मुठीवर स्वतःचा हात ठेवला. त्याच्या मनगटातलं सैल घड्याळ खडखडायला लागलं. तीन-चार सेकंदांत हात काढून घेतला.

"बंद करो," म्हणाला. मग मला: "तीन हफ्ते. और आज से टेस्टिंग मामा करेगा. तुम इसको पीठ पे नहीं लेगा, समझा?"

तेव्हापासून तीन आठवडे मामा माझ्या एसीतल्या खुर्चीत आणि मी त्यांच्यासमोर स्क्रूड्रायव्हर घेऊन उभा. फवारणी बंद, हाताला विश्रांती. मी गादी लावायची, त्यांनी मशिन चढवून दोन मिनिटं चालायचं आणि म्हणायचं, "काढा." गादी बदलायची. "काढा." मुठीचं रबर बदललं. "सायेब, ह्ये आदीच्यापरीस बेकार. काढा." शिष्टाचाराचा मागमूस नाही. सुनेच्या पहिल्या स्वयंपाकाला सासूनं नाक मुरडावं तसं चाललं होतं.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी ते मशिन घेऊन बाहेरच्या आवारात गेले, अर्धा तास फिरले, आणि परत आले ते 'काढा' न म्हणताच. मी स्क्रूड्रायव्हर घेऊन तयार. मॅनेजर करार वाढवायचा कागद घेऊन दारात.

मामा मध्येच थांबले. खाली वाकले. फरशीवरून तांदळाच्या दाण्याएवढा एक स्क्रू दोन बोटांच्या चिमटीत अलगद उचलला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

"हा कुठला?" मी घाबरून विचारलं.

"मला काय ठावं?" मामा म्हणाले. "इंजनेर तुम्ही."