पुढच्या चाकांचा मान

आईच्या गाडीनं अकोल्यात पोह्यांच्या टेबलाला धडक दिली, ही निव्वळ अफवा आहे. टेबल वेळेवर बाजूला ओढलं गेलं होतं. (पोहे सांडले ते त्या ओढाओढीत. त्याचं खापर गाडीवर फोडू नये!)

गाडी टेबलापर्यंत गेलीच कशी, असं कोणी विचारलं तर मात्र मला खाली मान घालून उत्तर द्यावं लागतं. म्हणून एकदाच लिहून टाकते.

मी पत्रकं लिहिते. अमरावतीत कुठे रस्त्यावरचा दिवा बंद असला, कुठे बसथांब्याचं छप्पर उडालेलं असलं, कुठे सभेत बायकांना मागच्या रांगेत बसवलेलं असलं, की आमच्या दहा-बारा जणांच्या गटाचं पत्रक निघतं आणि ते माझ्या हातचं असतं. या सवयीमुळे माझ्या डोक्याची एक विशिष्ट घडी बसली आहे. कोणतीही गोष्ट पाहिली की मला आधी अन्याय दिसतो, मग मागणी सुचते, आणि माहिती सगळ्यात शेवटी, जमलंच तर.

अन्याय या वेळी घरातच होता. आईला नांदगाव पेठेत कपड्यांच्या एका कारखान्यात सुपरवायझरची नोकरी लागली. बाबांची जुनी, छोटी गाडी आठवड्यातले सहा दिवस अंगणात खोळ घालून झोपलेली. आईकडे लायसन्स आहे, हात चांगला आहे. पण बाबांचं एकच पालुपद होतं. हायवे आहे, ट्रक आहेत, कंपनीची बस आहे, मग गाडी कशाला? बस पहाटे पावणेसहाला चौकात येते! आई पाचला उठून डबे करायची आणि चालत चौकात जायची. मी ताबडतोब पत्रक लिहिलं, ‘स्टिअरिंग कोणाचं?’, आणि फ्रिजवर चिकटवलं. बाबा मराठीचे शिक्षक. त्यांनी ते लाल पेनानं तपासलं, तीन ठिकाणी वेलांटी सुधारली आणि खाली शेरा मारला, ‘विचार करू’.

अशा वेळी मोबाइलवर अकोल्याच्या ऑटोक्रॉसची जाहिरात आली. मोठ्या डांबरी मैदानावर लाल शंकू मांडतात, दोन-दोन शंकूंची दारं करतात, आणि आपापल्या रोजच्या गाड्या घेऊन हौशी मंडळी त्या दारांमधून वळणं घेत जातात. शंकू पडला तर वेळेत सेकंद वाढतात, दार चुकलं तर फेरी बाद. प्रत्येकाला तीन फेऱ्या. बायकांचा गट वेगळा. मी जेवणाच्या ताटावरच आईचं नाव जाहीर केलं आणि बाबांना आव्हान दिलं.

बाबांनी वरणात पोळी बुडवून शांतपणे आईला सांगितलं, “तीनपैकी एक फेरी पुरी करून दाखव. एक दार चुकवायचं नाई. किल्ली तुह्या पर्समधी. नाई जमलं तं बस हायेच.”

आई म्हणाली, “हाव.”

एवढंच. पंचवीस वर्षांच्या संसारात आईनं एवढ्या ठाम आवाजात ‘हाव’ म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. मला तर तिथेच घोषणा द्यावीशी वाटली. (दिली. शेजारचे काका विचारायला आले.)

दर रविवारी आम्ही नांदगाव पेठेच्या औद्योगिक वसाहतीतल्या मोकळ्या रस्त्यावर घरातल्या बादल्या मांडून सराव केला. आई झकास चालवायची. बादल्यांना वळसे घालताना तिच्या चेहऱ्यावर असा भाव असायचा, जसा तिच्या चेहऱ्यावर एरवी फक्त भावाच्या घरी जाताना दिसतो. माझी लुडबुड इथेच थांबली असती तर हा लेख लिहावा लागला नसता. पण मी टायरबद्दल वाचलं!

वाचून मी आईला घेऊन सलीमभाईंच्या टायरच्या दुकानात गेले आणि सगळ्यात रुंद टायर द्या, दोनशे पाच द्या, म्हणून मागणी केली. सलीमभाई तीस वर्षं टायर विकतायत. त्यांनी बाहेर येऊन गाडीचं चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये स्वतःचा पंजा घातला. तो जेमतेम मावला.

“इतनी जगा है, बेटा. दोनशे पाच टाकशीन तं वळताना टायर मडगार्डले घासन. एकसो पच्यासी बहुत झालं.”

मग त्यांनी टायरवरचे आकडे समजावून सांगितले. १८५/७० आर १४. पहिला आकडा रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा टायरच्या भिंतीची उंची, म्हणजे रुंदीच्या सत्तर टक्के. तिसरा आतल्या रिमचा व्यास, इंचांत. माझा संताप अनावर झाला. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच? ही सामान्य ग्राहकाची उघड दिशाभूल नाही का? सलीमभाई म्हणाले की टायर बनवणाऱ्यांना पत्र लिहा, मी फक्त विकतो.

त्यांनी नखानं रबर दाबून दाखवलं. मऊ टायर लवकर झिजतो, पण जमीन पकडून ठेवतो. कडक टायर वर्षानुवर्षं टिकतो, पण जोराच्या वळणावर हात सोडतो. मऊ टायर त्यांच्याकडे दोनच होते, बाकीचे दोन आठ दिवसांनी येणार होते आणि शर्यत सहा दिवसांवर आली होती. त्यावरही त्यांनीच तोड काढली. हे दोन्ही पुढे टाका. या गाडीत इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जाते आणि वळतातही तीच. मागे जुने चालतील. आईनं मान डोलावली. मीही डोलावली, पण मी मनात पत्रकाचा मथळा शोधत होते.

त्याच दिवशी संध्याकाळी अकोल्याहून मोठेबाबांचा फोन आला. मोठेबाबा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, म्हणजेच आईचे जेठ. अकोट आणि तेल्हाऱ्याच्या कापूस-जिनिंगवाल्यांना मशीनचे सुटे भाग पुरवतात आणि त्यापायी त्यांची जीप कायम रस्त्यावर असते. त्यांनी सांगितलं की पलीची (म्हणजे माझी) आई शर्यतीत उतरून राहिली आणि मऊ टायर दोनच मिळाले असं बाबांकडून समजलं, म्हणून गाडीसाठी दोन नवे टायर आणून ठेवलेत. एकशे पासष्ट, कंपनीनं गाडीला दिलेल्या मूळ मापाचे. अस्सल कडक. त्यांच्या जीपला याच जातीचे आहेत आणि तेल्हाऱ्याच्या रस्त्याला पुरून उरलेत.

म्हणजे दोन मऊ अमरावतीचे, दोन कडक अकोल्याचे. दोन्ही घरांचा वाटा निम्मा-निम्मा! मला हा समेट इतका आवडला की मी तो फोनवरच मंजूर केला.

शर्यतीच्या सकाळी आम्ही मोठेबाबांच्या अंगणात पोचलो. दोन टायर पाटावर ठेवलेले, त्यांना कुंकू लावलेलं, झेंडूची फुलं वाहिलेली. मोठीआईनं, म्हणजे मोठेबाबांच्या बायकोनं, नारळ फोडला. कोपऱ्यावरचा पंक्चरवाला जॅक घेऊन आला आणि त्यानं साधा प्रश्न विचारला, “कोनते पुढं, कोनते मांगं?”

सगळ्यांच्या नजरा कुंकू लावलेल्या टायरांवर गेल्या.

आता आमच्या घराची रीत सांगते. लग्नात पहिला आहेर मोठेबाबांचा. पंगतीत पहिलं पान मोठेबाबांचं. फोटोत मधली खुर्ची मोठेबाबांची. अशा माणसानं प्रेमानं आणलेले, कुंकू लावलेले टायर मागे टाकायचे? म्हणजे पाहुण्याला चपलांजवळ बसवण्यासारखं! मोठेबाबा काहीतरी बोलायला पुढे झाले. मी त्यांना हातानंच थांबवलं. म्हटलं, मोठेबाबा, तुम्ही काही बोलू नका, तुमचा मान पुढचाच. आणि पंक्चरवाल्याला हुकूम सोडला की मोठ्या घरचे पुढे, आमचे मागे.

आईनं मला हळूच स्वयंपाकघरात ओढलं. जेठासमोर ती आवाज काढत नाही. ही तिची पंचवीस वर्षांची शिस्त.

“पले, सलीमभाई काय म्हणले होते?”

मी म्हटलं, आई, टायर सगळे गोलच असतात. नाती जपावी लागतात. चळवळीत याला व्यूहात्मक माघार म्हणतात. आईनं ओढणी गच्च बांधली आणि गाडीत जाऊन बसली.

पहिली फेरी. शिट्टी वाजली, गाडी निघाली. पहिलं दार सरळ रेषेत होतं, ते तिनं झोकात पार केलं. दुसऱ्यासाठी तिनं स्टिअरिंग डावीकडे फिरवलं. पुढची चाकं डावीकडे वळली. गाडी वळली नाही! वळलेल्या चाकांसह गाडी किंचाळत नाकासमोर निघाली, दोन शंकू गिळले, तिसरा बंपरला अडकवून सोबत घेतला आणि खाण्याच्या मांडवाकडे कूच केलं. तिथल्या माणसांनी टेबल ओढलं. पोह्यांचं काय झालं ते आधीच सांगितलं आहे. आई टेबलाच्या जुन्या जागेवर बरोबर थांबली. फेरी बाद.

बाबांच्या चेहऱ्याचा रंग उडाला. मोठेबाबा म्हणाले की गाडी नाकासमोर चालते हे तसं चांगलंच लक्षण आहे. मी तडक शिट्टीवाल्या पंचांकडे गेले आणि तक्रार नोंदवली की या मार्गावर वळणं अवाजवी आहेत आणि त्यामुळे मध्यमवर्गीय गाड्यांवर अन्याय होतो.

पंच वयस्क होते. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, “ताई, वळणं काढली तं उरते निस्ता रस्ता. त्याच्यावर एस.टी. चालते.”

दुसऱ्या फेरीआधी मला एक जुनं वाक्य आठवलं. हवा कमी केली की टायरची पकड वाढते. किती कमी, हे वाक्याच्या उत्तरार्धात होतं आणि उत्तरार्ध मी वाचला नव्हता. मी पुढच्या दोन्ही टायरांची हवा सोडली. भरपूर सोडली. टायर असे बसले, जशी दुपारच्या जेवणानंतर म्हैस बसते. आई म्हणाली, बस झालं. मी म्हटलं, अजून थोडी.

परिणाम असा की दुसऱ्या फेरीत टायर कडेनं दुमडून जमिनीवर लोळण घेऊ लागले. आधी गाडी नुसती वळत नव्हती, आता ती वळत नव्हती आणि रडत होती. आईनं कसंबसं दुसरं दार गाठलं, तिसरं सुटलं. लाल झेंडा वर गेला. फेरी बाद.

आता एकच फेरी उरली होती. बाबा माझ्याजवळ आले. त्यांना आनंद झाला असता तर मी भांडले असते, पण त्यांचा चेहरा पडला होता. ते एवढंच पुटपुटले की कारखान्यात बसच्या पासाचा अर्ज द्यायचा राहिलाय. मी उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच एकही मागणी न सुचता उभी राहिले.

तेवढ्यात आई गाडीतून उतरली. ओढणी सावरली. आणि सरळ मोठेबाबांसमोर जाऊन उभी राहिली. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा, मध्ये बाबा नाहीत, मध्ये मोठीआई नाही.

“भाऊजी, तुमचे टायर मांगं टाकतो. राग मानू नका. पुढं राहिले तं माही गाडी वळत नाई.”

मोठीआईनं पदर तोंडाला लावला. मोठेबाबा गोंधळून म्हणाले,

“मले काहून विचारता? मी तं ते मांगच्यासाठीच आणले होते. सकाळी तेच सांगून राहिलो होतो, तं तुमच्या पोट्टीनं मले बोलूच देल्लं नाई.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पंचांनीसुद्धा. ज्या पुरुषी मानमरातबाविरुद्ध मी शहरभर पत्रकं वाटत फिरते, तो त्या मैदानावरच्या एकाच व्यक्तीनं सकाळी पाळला होता. आणि तिच्या खांद्यावर पत्रकांची पिशवी होती!

मग जे झालं ते बघण्यासारखं होतं. बाबांनी बाह्या सरसावून जॅक लावला. आईनं पान्यानं नट सैल केले. मोठेबाबांनी जीपमधला पंप आणून हवा भरली आणि दर चार दाबांनी आईला विचारलं, बरी आहे का? पुढची चाकं मागे, मागची पुढे. मीही पाना घेऊन पुढे सरसावले.

आई म्हणाली, “तू तिकडं सावलीत उभी राय.”

मी राहिले.

तिसरी फेरी. पहिलं दार. दुसऱ्याला आईनं स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी वळली! आज्ञाधारक बैलासारखी वळली. चौथ्या दाराला मागचे कडक टायर घसरले, गाडीचं शेपूट भस्सकन बाहेर गेलं, एक शंकू आडवा झाला. बाबांनी डोळे मिटून घेतले. पण आईनं बादल्यांच्या सरावातला हात लावला, स्टिअरिंग उलटं दिलं, शेपूट जागेवर आणलं, आणि उरलेली दारं एकेक करत सगळी पार केली. एकही चुकलं नाही.

बायकांच्या गटात आई शेवटून दुसरी आली. बाबांनी वेळेचा फलक वाचलासुद्धा नाही. ते गाडीजवळ गेले, किल्लीच्या जुडग्यातून घराची आणि कपाटाची किल्ली सोडवून खिशात टाकली, आणि उरलेली एक किल्ली आईच्या हातावर ठेवली. म्हणाले, हायवेवर लेन सोडू नको. आईनं किल्ली पर्समध्ये टाकली आणि चेन दोनदा ओढून पाहिली.

शेवटी पंचांनी प्रत्येक स्पर्धकाच्या हातात माइक दिला आणि दोन शब्द बोलायला सांगितलं. आईनं आयुष्यात माइक धरला नव्हता. (भाषणाचा एक कागद मी तयार ठेवला होता, दोन पानी. तिनं तो घेतला नाही.) तिनं आधी सलीमभाईंचे आभार मानले, मग भाऊजींचे, मग लाजत ‘आमच्या यांचे’. मग तिची नजर सावलीत उभ्या असलेल्या माझ्यावर पडली.

“अन् माह्या पोरीचे लय आभार. शेवटच्या फेरीत तिनं कशालेच हात नाई लावला.”

मैदानभर टाळ्या वाजल्या. सगळ्यात जोरात मीच वाजवल्या. काय करणार, हात मोकळेच होते!