राखेच्या बुधवारचा सज्जन

आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमधला तिसऱ्या मजल्यावरचा शेजारी दर रविवारी न चुकता चर्चला जातो आणि परत आल्यावर न चुकता वॉचमनला शिव्या घालतो. कधी गेट उशिरा उघडलं म्हणून, कधी जोरात उघडलं म्हणून. येशूच्या क्षमेबद्दल आमच्या सोसायटीला जे काही ज्ञान आहे, ते सगळं त्याच्याकडूनच मिळालेलं.

राखेच्या बुधवारी, म्हणजे ख्रिस्ती उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, मात्र तो चर्चमधून कपाळावर राखेचा क्रूस घेऊन येतो आणि वॉचमनला चक्क म्हणतो, "काका, बसा बसा. गेट मी उघडतो."

यंदा मी विचारलंच, "काय रे, तब्येत बरी नाही का?"

त्याने कपाळाकडे बोट दाखवलं. "आज सगळ्यांना दिसतंय ना यार, मी कोणाचा माणूस ते. आज शिवी दिली तर त्याचं नाव खराब होईल."

म्हणजे देवाची अब्रू वर्षातून एकच दिवस सांभाळायची! मी मनसोक्त हसलो. मग पार्किंगमध्ये माझ्या जागेवर कुणाची तरी स्कूटर दिसली, तसा वॉचमनवर खेकसलो. तो बिचारा धावत आला. तेवढ्यात स्कूटरच्या आरशात माझंच कपाळ दिसलं. सकाळच्या पूजेचं गंध अगदी ठसठशीत होतं.

ते तर रोजच असतं.