पलंग गेले, खुर्च्या आल्या

फ्रीगंजातल्या आमच्या नेहमीच्या दवाखान्यात जिथे पूर्वी पुरुषांचा वॉर्ड होता, तिथे आता खुर्च्या आहेत. मागे रेललं की पाय वर येतात अशा, हिरव्या रेक्झिनच्या. फरशीवर मात्र पलंगांच्या पायांचे गंजके डाग अजून आहेत. दुपारचं ऊन पडद्यातून त्या डागांवर आलं की, खरं सांगते, मला सगळे पलंग परत दिसायला लागतात.

आमच्या ह्यांचं हृदय थकलंय. पायांवर सूज चढते, दम लागतो, मग शिरेतून औषध देऊन अंगातलं पाणी काढावं लागतं. आधी त्यासाठी आम्ही भरती व्हायचो. दोघंही! हे वर पलंगावर, मी खाली चटईवर. इथे हिंदी मुलखातल्या आमच्या मराठी मंडळींत कुणीही भरती झालं की पहिला प्रश्न हाच, रात्री कोण थांबणार? आमचा मुलगा बंगळुरात, म्हणजे मीच. घरी ह्यांच्या श्वासाकडे कान लावून मी जागी असायचे. तिथे मात्र मशीनची टिकटिक ऐकत अशी गाढ झोपायचे की विचारू नका. सिस्टर होती, डॉक्टर होता. काळजी त्यांनी करायची होती.

मग पलंग काढले. सकाळी या, खुर्चीत औषध घ्या, संध्याकाळी घरी जा. डॉक्टर म्हणाले, घरी माणूस लवकर सुधारतो. म्हणायला त्यांचं काय जातंय!

पहिल्या दिवशी मी नेहमीसारखी सगळा पसारा घेऊन गेले. चटई, दोन चादरी, थर्मास, तांब्या, मऊ भाताचा डबा.

सिस्टर म्हणाली, "आंटी, घर बदल रही हो क्या?"

"रहने आई हूँ," मी ठसक्यात सांगितलं. ती हसली आणि तिने माझी चटई दारामागे उभी करून ठेवली.

औषध सुरू झालं. हे थोड्या थोड्या वेळाने बाथरूमला उठायचे, मी सलाईनचा स्टँड ढकलत मागे. परत आलो की हे डोळे मिटायचे. बाकीच्या खुर्च्यांतही माणसं पेंगत होती. पंखा फिरत होता, पडदा फुगत होता, बाहेर कुणीतरी ऑटोवाल्याशी भांडत होतं आणि ते भांडण फार लांबून, पाण्याखालून आल्यासारखं ऐकू येत होतं. मधेच मला वाटलं आपण खाली चटईवरच आहोत, वर ह्यांचा हात लोंबतोय. किती बरं वाटलं म्हणून सांगू!

ऊन उतरलं. सिस्टरने ह्यांचं वजन केलं, पाय दाबून पाहिले. "बढ़िया! अब घर जाइए।"

मी तिला म्हटलं, "एक रात रख लो ना."

"यहाँ अब रात होती ही नहीं, आंटी. शाम को ताला लग जाता है. फोन नंबर दिया है ना, रात को भी कोई उठाएगा।"

मग माझा तोल सुटला. "फोन का क्या करूँ मैं? नानाखेड्याच्या घरात आम्ही दोघंच, ह्यांना दम लागला तर मी फोन धरू की ह्यांना धरू? मला भीती वाटते हो! हे माझ्या हातात गेले म्हणजे?" कुठली हिंदी आणि कुठलं काय, सगळं मराठीतच निघालं, ह्यांच्यासमोर. खुर्च्यांतली माणसं जागी झाली.

ह्यांनी डोळे उघडले.

"मलाही वाटायची," हे म्हणाले.

"कधी?"

"इथेच, पलंगावर. रोज रात्री. तू खाली असायचीस, मला दिसायची नाहीस. वाकून बघायला जावं तर सुई ओढायची. वाटायचं, आता डोळे मिटले तर तुला बघायचं राहूनच जाईल."

उभ्या संसारात हा माणूस घाबरलेला मी कधी पाहिला नव्हता. निदान मला तसं वाटत होतं.

"मग हाक मारायची नाही का? वेड्यासारखे पडून राहिलात!"

"घोरत होतीस अगं. घरी कुठे झोपतेस इतकी?"

मला इतका राग आला त्यांचा, आणि तितकंच भरूनही आलं. खाली बसून मी त्यांच्या पायात चपला सरकवल्या. सूज उतरली होती, चपला सैल झाल्या होत्या.

"उठा," मी म्हटलं. "घाबरायचंच आहे ना, तर घरी जाऊन घाबरू. एकाच पलंगावर."