धूर हुंगणारी कालिंदी

रामघाटच्या गल्लीतली कालिंदी रोज टेम्पोने रामनगरला जाई. तिथल्या एका शेडमध्ये शेतातलं जुनं प्लास्टिक वितळवून नव्या वस्तूंसाठी त्याचा बारीक दाणा काढत. रोपांवर ताणलेले, उन्हाने कडक झालेले प्लास्टिकचे कागद गठ्ठ्यांनी येत. गठ्ठ्यातली एक पट्टी पेटवायची आणि धूर हुंगायचा, हे कालिंदीचं काम. मेणबत्तीसारखा वास आला तर माल यंत्रात, नाकाला झोंबला तर तो पीव्हीसी, बाजूला. पीव्हीसी यंत्रात तापलं, की विषारी धूर थेट माणसांच्या छातीत. ती बी.एस्सी. होती, पण शेटजींनी तिला ठेवलं ते तिचं नाक तिखट म्हणून.

चौऱ्याण्णवच्या नोव्हेंबरात नवरा गेला. तेराव्यानंतर तिला पडसं झालं. पडसं गेलं, वास परत आला नाही. रडूही आलं नव्हतं. एकदा दूध करपून घरभर धूर झाला, तरी ती शेगडीशेजारीच बसून होती. मुलगी मैत्रेयी धावत आली तेव्हा कालिंदी ‘लक्ष नव्हतं’ म्हणाली. मैत्रेयी बारावीला, घरात कमावणारी एकटी आई. वास येत नाही हे तिने कुणालाच सांगितलं नाही.

कारखान्यात ती नुसती ज्योत बघून निभावत होती. चांगला कागद जळत राही, पीव्हीसी विझे. पण जानेवारीतल्या धुक्यात सगळाच माल दमट आला आणि प्रत्येक पट्टी विझू लागली. यंत्र चालवणारा हिंदीभाषी काशीनाथ खोळंबला होता.

“दीदी, आज नाक मायके गई है क्या?”

तिने धूर छातीभर ओढला. काहीच नाही. “चलने दो,” ती म्हणाली. काशीनाथने गठ्ठा उचलला.

“मत डालो,” तिनेच त्याला अडवलं. “मुझे बास नहीं आती. दो महीने से.”

यंत्र थांबलं. शेटजी आले. दुसऱ्या कुणाचं तरी सांगावं तसं तिने सांगितलं, की तुकडा धुऊन पाण्याच्या बादलीत टाका, चांगला तरंगेल, पीव्हीसी बुडेल. हे कॉलेजपासून माहीत होतं, पण बादली मागितली असती तर नाकाचं बिंग फुटलं असतं. काशीनाथने त्याच गठ्ठ्यातला तुकडा टाकला. तो तळाशी गेला.

शेटजी रागावले नाहीत. बादलीकडे बघायला तर कोणीही चालेल, सोमवारपासून काशीनाथच बघेल, एवढंच म्हणाले.

मग संध्याकाळपर्यंत ती काशीनाथला शिकवत राहिली, की तुकड्याला चिकटलेले बुडबुडे अंगठ्याने पुसून काढायचे, नाहीतर पीव्हीसीसुद्धा तरंगतं.