फुलांचे तेवढे राहिले

वहिनीचा फोन आला तेव्हा मी अकोल्यात आमच्या ओट्यावर गवारीच्या शेंगा मोडत बसले होते. "ताई, हे गेले," ती म्हणाली. आणि मी बावळटासारखं विचारलं, "दादाले कळवलं का?" आमच्या गोतात कुठेही मयत झाली की पहिला फोन दादाला, ही इतक्या वर्षांची जिभेला लागलेली सवय. त्या दिवशी गेला होता तोच, माझा थोरला भाऊ. वहिनी एवढंच म्हणाली, "त्याईले कसं कळवू, ताई?" मी शेंगांची परात तशीच ठेवली आणि बस स्टँड गाठला. रडू आलं नाही. मातीला जायचं तर काय काय लागेल, हेच डोक्यात फिरत होतं. ही विद्या त्याचीच.

आमची फुलांची शेती चांदूर रेल्वेजवळ, आणि दादाचं फुलांचं दुकान अमरावतीला राजापेठेत. घरात कोणी गेलं की माणूस बधिर होतो, पण हार लागतोच, म्हणून तो फुलवाल्याकडे येतो आणि तिथंच उभा राहून विचारतो, आता पुढे काय करायचं? दादा दुकान वहिनीवर सोपवून त्याच्यासोबत निघायचा. त्याला कारण होतं. आमचे वडील गेले तेव्हा खर्च काकांनी केला आणि किती झाला ते कधीच सांगितलं नाही. नुसतं "लय खर्च झाला" एवढंच प्रत्येक लग्नात, प्रत्येक पंगतीत ऐकवत राहिले. आई ते ऐकायची आणि पानावरून तशीच उठायची. दादाने तेव्हाच ठरवलं असावं की मयतीचा खर्च कोणाच्या पोटात राहू द्यायचा नाही.

त्याची रीत साधी होती. पहिल्या दिवशी घरच्यांना पैशाचं नाव काढू द्यायचं नाही, खर्च आपण करायचा. तिसऱ्या दिवशी राख सावडून लोक घरी आले की सगळ्यांसमोर, बायकांनाही बाहेर बोलावून, तोंडी हिशेब सांगायचा. तिरडीचे बांबू, सुतळी, मडकं, कापड, गाडी, लाकडं, गोवऱ्या... एकेक बाब आणि ती एवढीच का लागली तेही. पावसाळ्यात लाकूड तो हातात घेऊन, वाजवून निवडायचा. "ओलं लाकूड काट्यावर जास्त भरते आन चितेत रडते," असं म्हणायचा. गॅसच्या दाहिनीला खर्च फार कमी येतो हेही सांगायचा, पण एखाद्या म्हातारीला लाकडंच हवी असली तर वाद घालायचा नाही. जीभ मात्र तिखट. एकदा एक मुलगा बापासाठी तुपाचे डबेच्या डबे घेऊन आला, तर दादा त्याला म्हणाला, "जित्या माणसाच्या वरणावर काहून नाही वाढलं एवढं?" बोलून गेला आणि मग त्याच्या शेजारी चिता शांत होईस्तोवर बसून राहिला. तो मुलगा पुढे दादाचा जिवाभावाचा झाला. त्याची स्वतःची गाडी आहे आता.

हिशेबात सगळ्यात शेवटी फुलं यायची. "फुलं माझ्या दुकानची, बाजारभावानं," असं म्हणून तो त्याचेही पैसे घ्यायचा. मला हे पटायचं नाही. मी एकदा म्हटलंच, "एवढी पायपीट फुकट करतोस आन चार हारांचे पैसे मागतोस, लोक काय म्हनतील?" तो म्हणाला, "फुकट देल्लं तर तो मानूस माह्या उपकाराचा इचार करीन. त्याले त्याच्या मानसासाठी रडू दे ना." हिशेब संपला, पैसे पावले, की दादा नेहमी एकच बोलायचा. "झालं. आता कोनाचं काही बाकी नाही. आता रडा."

असा हा पक्का माणूस आई गेली तेव्हा पार ढिला पडला. लाकडाच्या टालावर गेला आणि लाकडं मोजलीच नाहीत. टालवाला बस म्हणेपर्यंत चढवत राहिला. चंदन आणलं, तूप आणलं, मी पाहतच राहिले. तिसऱ्या दिवशी हिशेब सांगायला बसला तो "बांबू" म्हणाला आणि पुढे आवाजच निघेना. मग मी सांगितला सगळा, जमेल तसा. लोक गेल्यावर तो म्हणाला, "पोरी, मले नाही जमलं. माह्या बारीले तूच सांगजो. आन लोकाईच्या पोटात काही राहू देऊ नको." मी हसून हो म्हटलं. तेव्हा काय, हो म्हणायला काय जातं.

त्याच्या बारीला मात्र माझी पंचाईत झाली. "मले गॅसवरच न्या," असं तो वहिनीला बजावून गेला होता, तसंच केलं. पुण्याहून त्याचा मुलगा सागर आला, अग्नी दिला, सगळं रीतसर पार पडलं. पण मी पैसे द्यायला जावं तर कोणी घेईना. गाडीवाला म्हणे झालं ते. बांबूचं विचारलं तर झालं ते. दाहिनीची पावती भरायला गेले तर ती भरलेली. कोणी भरली, तर कोणी सांगेना. मला असा राग आला म्हणून सांगू. मी भावाला शब्द दिलेला, आणि हे लोक त्याच्या अंगणात काकांसारखाच खर्च पोटात ठेवून बसलेले. सांगू काय मी, माझं कपाळ?

तिसऱ्या दिवशी राख सावडून माणसं आली. मी उभी राहिले तसा आमच्यातला एक वडीलधारा म्हणाला, "बाई, पैसे कोनी घेतलेच नाहीत, तर हिशेब कायचा सांगून राहिली?" मी म्हटलं, "नसतील घेतले. पन कोनी काय केलं हे त्याच्या घरात समजलं पाहिजे. दादाची रीत दादाच्याच घरी मोडाची का?" वहिनी दारात उभी होती, ती हळूच म्हणाली, "बोला न, भाऊ हो." मग लोक बोलायला लागले. टालवाला म्हणाला, लाकूड तर लागलं नाही, बांबू तेवढे माझे. गाडी त्या तुपाच्या डब्यावाल्या मुलाची होती. दुकानासमोर भाजी विकणारी बाई म्हणाली, मडकं आन कापड माह्यं, माह्या मालकाच्या वेळी तेच धावले होते. दाहिनीचे पैसे तर दोन शेजाऱ्यांनी एकमेकांना न सांगता भरायला पाठवले होते, ते तिथंच एकमेकांकडे बघू लागले, आणि रडक्या तोंडाने माणसं हसली. दादा असता तर त्यानं दोघांनाही झापलं असतं.

मग मी सवयीने शेवटची बाब विचारली. "आन फुलं?" सागर खाली बघत म्हणाला, "आत्या, फुलं आपल्याच दुकानची होती. आईनं त्या दिवशी सकाळी टोपल्या रिकाम्या केल्या." एवढं सगळं गाव पुढे झालं, आणि फुलं तेवढी त्याची त्यानंच आणली होती.

लोक पांगल्यावर मी सागरला दुकान उघडायला लावलं. शेवंतीचा आणि ओल्या गोणपाटाचा वास तसाच होता. दादाचा बसायचा पाट, त्याच्या उजव्या हाताला लाकडी गल्ला, झाकणाची बिजागरी तारेनं बांधलेली. बाजारभाव विचारला तर सागर म्हणाला, "राहू दे ना, आत्या." मी म्हटलं, "राहू नाही द्याचं, बापू. तेच तर सांगून गेला तो." त्यानं भाव सांगितला, मी नोटा मोजल्या आणि गल्ल्यात टाकल्या. झाकण लावलं, आणि खुळ्यासारखी वाट पाहत उभी राहिले. शेवटी मीच म्हटलं, "झालं, दादा. आता कोनाचं काही बाकी नाही." आणि त्याच्या पाटावर बसून मी रडले.